मॉप मोजले का

उदगीरला देगलूर रोडवर, लाकडाच्या अड्ड्यामागं
डॉक्टर मन्मथ निडवंचेंचं थिएटर होतं.
मी तिथली सिस्टर. एकवीस वर्षं.
मागायच्या आधी कात्री हातात ठेवायची,
त्यांनी मान वर न करता घ्यायची,
एवढंच आमचं बोलणं.

टँकरच्या वर्षी
नळातून नुसती हवा यायची, फुस्स.
मी मगानं पाणी ओतायचे
बोटांपासून कोपरापर्यंत,
ते म्हणायचे, सिस्टर, अर्धाच मग,
अजून दोन हर्निया आहेत.
मग हात वर धरून उभे, निथळेपर्यंत.
पुढं चौबाऱ्यात तेच हात फ्लेक्सवर पाहिले,
जोडलेले, तीन मजली,
कोरडे.

पोट शिवायच्या आधी रोज एकच सवाल:
मॉप मोजले का?
बारा दिले, बारा परत.
एकदा अकराच भरले.
मुक्रमाबादची बाई, लाइट गेलेली,
बाहेर नवरा येरझाऱ्या घालतोय.
उघडंच राहू द्या, म्हणाले, शोधा.
सापडला तो. चपलेला चिकटलेला,
माझ्या.
ते काही बोलले नाहीत.
बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं,
उशीर झाला, माझ्यामुळं.

हे वाक्य पुढं
त्यांच्या एकाही भाषणात मी ऐकलं नाही.

तिकिटाची बोलणी तपासणीच्या खोलीतच झाली,
सोनोग्राफीच्या पलंगावर चौघं बसलेले.
मी चहा नेला. एकजण म्हणत होता,
डॉक्टर, निम्म्या तालुक्याचं पोट तुम्ही उघडून बघितलंय,
निवडून यायला अजून काय लागतं?
बघितलं होतं, खरंय.
पण पोटात एक अन् ओठात एक, हे
भूल दिल्यावर दिसत नाही.

प्रचारात माणसं सदरा वर करायची,
बघा साहेब, तुमचाच टाका.
ते वणावर बोट ठेवून साल सांगायचे.
नाव चुकायचं. आजार कधीच नाही.
पहिल्यांदा पडले, सहाशे चाळीस मतांनी.
दुसऱ्यांदा आले.
मधल्या काळात गळ्यातलं उपरणं
एकदा बदललं, मग परत एकदा.
थिएटरचं संपर्क कार्यालय झालं.
सावली न पाडणारा दिवा होता, तिथं पंखा,
त्याच्या सावल्या भिंतीभर.
मी सरकारी दवाखान्यात कंत्राटी लागले.
तिथं साहेबांच्या निधीतून
कोपरानं चालणारा नळ आलाय.
नळापेक्षा पाटी मोठी.

मागच्या मार्चात, रात्री दीडला,
सभेहून परतणारी जीप नळेगाव रोडला उलटली.
पोरं त्यांचीच, उपरण्यांसकट आणली.
एकाची प्लीहा फुटलेली.
ड्युटीवर डॉक्टर तरन्नुम, एकटी.
लातूर गाठण्याइतका वेळ त्या पोराकडं नव्हता.
साहेब आत आले. घड्याळ काढलं,
अंगठ्या काढल्या, माझ्या हातात दिल्या.
कोपरानं नळ दाबला.
फुस्स.
मी मग उचलला.
अर्धाच, म्हणाले.

हात थरथरत होता.
मला दिसलं. मला दिसलेलं त्यांना दिसलं.
चाकू त्यांनी तिच्याकडं सरकवला
आणि रिट्रॅक्टर धरून उभे राहिले
पावणेदोन तास, शिकाऊ पोरासारखे,
ओढा म्हटलं की ओढत,
सैल म्हटलं की सैल.
बाहेर जॅकेटात फोन वाजून वाजून दमला.

शिवायची वेळ आली.
तरन्नुमनं सुई मागितली, तेवढ्यात
मास्कमागून जुनाच आवाज:
मॉप?
बारा दिले, म्हटलं. बारा परत.

दाराबाहेर गर्दी. साहेब बाहेर गेले.
मी दाराला कान लावला,
काय सांगतात, कुणाचं नाव घेतात.
पण घोषणाच एवढ्या मोठ्यानं चालल्या होत्या
की काही कळलं नाही.

अंगठ्या माझ्याच खिशात राहिल्या.
सकाळी पीए न्यायला आला.
थांबा, म्हटलं.
मोजून घ्या.