चार बशा

तेनर्‍यू नदी उथळ होते तिथे पाणी झा-झा वाजतं,
म्हणून तिच्यातल्या अळ्यांना इना खोऱ्यात झाझामुशी म्हणतात.
मी याइझूच्या बंदरावरची, अंधारातही मासा वजनावर ओळखणारी;
लग्न होऊन इकडे आले तेव्हा
किडा म्हणजे किडा, एवढीच माझी विद्या.

सासरे, तोकुजिरो, डिसेंबरात बुटांना लोखंडी दात बांधून
नदीत उतरायचे, टाचेनं दगड उलथायचे,
प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळं धरायचे.
बादली माझ्यापुढे उपडी करून म्हणायचे, निवड.
तांदूळ निवडतात तसं?
"तांदळाला पाय कुठे असतात? आधी पाय बघ.
मग कल्ले.
मग न विचारता कळेल, बाई कुठली राहणारी."

लांबट डोक्याची, मऊ, शेवटाला दोन आकडे:
ही दगडांच्या फटीत जाळं विणून बसते,
नदी येता-जाता तिला वाढते.
दोन शेपट्यांची चपटी,
इतकी चपटी की दगडाशी भांडण होऊच नये;
काखेत कल्ल्यांचे झुपके.
बशीतलं पाणी जरा शिळं झालं
की ती जोर मारू लागते, वर-खाली, वर-खाली,
श्वास हलवून मिळवते.
मी हसले होते पहिल्यांदा. ते हसले नाहीत,
उठून गार पाणी घेऊन आले.

मागोतारो बोटाएवढा. जबडा म्हणजे अडकित्ताच.
कुशींना पायांसारखं बरंच काही, पण पाय नव्हेत ते.
पूर्वी किरकिऱ्या पोरांना वाळवून द्यायचे म्हणे.
माझ्या अंगठ्यावरचा पांढरा व्रण त्याचाच.

चौथी बशी वाळूचे कण चिकटवून घर करणारींची,
घर पाठीवर, डोकं तेवढं दारात.
त्या खायच्या नसतात. संध्याकाळी मीच
अंगणाखालच्या ओढ्यात सोडून येई,
बिऱ्हाडासकट.

शरदात ते जमिनीखालचं गांधीलमाशांचं पोळं आणायचे.
कागदी खोल्यांतून लोण्यासारख्या अळ्या,
ना पाय, ना डोळे.
"घास तोंडाशी येतो ना," ते म्हणाले,
आणि आपल्या मुलाकडे पाहिलं,
जो तेव्हा वर्तमानपत्रामागे चहाची वाट बघत होता.

आता त्यांना दिसत नाही. परवाना माझ्या नावावर आहे,
लोखंडी दातांचे बूट मला दोन मापं मोठे,
बोटांत लोकर कोंबते.
या पाण्यानं मला काय दिलं, विचार करते कधी:
बोटांच्या पेरांवर भेगा,
घसरणाऱ्या दगडावर अंगठे रोवायची सवय,
आणि थंडीत बोलायचं नाही, हे.

वरच्या अंगाला काठ सिमेंटचे झाल्यापासून
दगडांखाली गाळ बसतो, मऊ, पिठासारखा.
जाळंवाल्या तगल्या. उलट वाढल्याच.
चपटीला फट लागते, ती बुजली.

काल साडेतीन तास. बशा मांडल्या,
त्यांनी एकेकीवरून बोट फिरवलं,
न चुकता नाव घेत गेले:
आकडेवाली, आकडेवाली, हा मागोतारो, सांभाळ,
मग दुसऱ्या बशीत बोट गेलं
आणि काठाकाठानं गोल फिरून आलं.

"विसरलीस मांडायला?"
मी हो म्हणाले.

सोयासॉस, साखर, थोडी साके. कढईत सगळ्या
आखडल्या, काळपट झाल्या, एकसारख्या;
आकडे, कल्ले, जबडे, काही उरलं नाही ओळखायला.
त्यांनी काडीनं एक उचलली, बराच वेळ चावली.
"दगड उलथलास," म्हणाले,
"तर परत पालथा ठेवतेस ना?
खालची बाजू खाली?"

ठेवते, म्हटलं. हे मात्र खरं होतं.
मग त्यांनी भाताचा वाडगा पुढे केला.