कारणाचा रकाना

पडल्याची वेळ : ३.४०
जखम : डावी भुवई, दीड इंच
कारण : कूलरचं पाणी सांडलेलं.

फरशी कोरडी होती, खरं तर.
पराते काका कठडा ओलांडून उतरले,
गोळीबार चौकातल्या मागाचा खड्डा
पायांनी शोधत.

लगेच उचलायचं नाही, शिकवलंय.
मीही बसले खाली.
मळमळतं का? कंबर दुखते का?
"धोटा कोठी गेला वं?"
गॉज दाबून धरला मी,
त्यांचा हात हवेत, इकडून तिकडे.

चार टाके.
मेडिकलमधून परतलो तेव्हा उजाडलं होतं.
रकान्यातलं पाणी खोडून लिहिलं :
कामावर निघाले होते.

मॅडमनी वाचलं, काही बोलल्या नाहीत.
खाट काढली, गादी जमिनीवर टाकली.

आता पडत नाहीत.
रात्री गादीच्या काठावर बसतात,
पाय सरळ समोर,
सोडायला जागा नाही म्हणून.