काटा

पौषात दौलतगंजावर धुकं इतकं खाली उतरतं
की दूधवाल्याची आधी घंटा येते, मग सायकल.
पहाटे चारला मी शेगडी पेटवते.
परातीत तीळ, कडेला एकतारी पाक
आणि चमचा. तोही पाऊणच भरायचा.

पाऊण चमचा, मग बोटं फिरवत राहायची
दाणा कोरडा होईतो.
मग पुन्हा पाऊण.
घाईने ओतला तर दाणे फुगतात,
एकमेकांना धरून ढेप होतात,
काटा म्हणून येत नाही.
हातांना हे वीस वर्षं ठाऊक आहे.
मला कळलं कंपूच्या दवाखान्यात.

"शक्कर तो पार चली जाती है, भागवतजी,
आपका इन्सुलिन नहीं जाता."
म्हणजे पाक ओतणार मी,
आणि आत तो इवलासा जीव
एकटा परात हलवत बसणार,
स्वतःचं इन्सुलिन गाळत,
माझ्या साखरेची चरबी करत,
पोटावर, खांद्यांवर, थरावर थर.

पडद्यावर त्याच्या पोटाभोवती
डॉक्टरीणबाईंनी टिंबांचं वर्तुळ ओढलं.
डोकं बत्तीस आठवड्यांचं.
पोट पस्तिसाचं.

ओजसच्या वेळी असं कुणी मोजलं नव्हतं.
चार किलो तीनशे!
सासूबाईंनी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले.
गुटगुटीत, गुटगुटीत, जो तो म्हणाला.
खांदा अडकला होता, ते मोठ्याने कुणीच नाही.
पहिल्या रात्री साखर उतरून तो थरथरत होता
आणि मला वाटलं, ग्वाल्हेरची थंडी.
मी माझी शाल घातली त्याच्यावर.

आता सात वर्षांचा आहे.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
डाव्याने तो दोऱ्याच्या फासात दाणे अडकवतो,
माझ्याहून सरळ.

वहीत डाव्या पानावर ऑर्डरी:
खापर्डे, तन्मणी आणि बाजूबंद, सुनेची पहिली संक्रांत.
शिरढोणकर, मुकुट, बासरी, बोरनहाण.
उजव्या पानावर मी:
उपाशीपोटी १०८. जेवून दोन तासांनी १६१.
९९. १३४.
१७२ (मावसबहिणीकडे मुंज. श्रीखंड. खोडलेलं नाही).
मग सुई, सकाळी सहा, रात्री आठ युनिट,
भाकरी मोजून, पोळी मोजून,
जेवणानंतर गच्चीवर वीस फेऱ्या,
खाली गजक कुटणाऱ्यांचे ठोके मोजत.
९३. ११७.
९१.

तार बघायला अंगठा आणि तर्जनीच लागते.
टोचलेल्या जागी पाक चरचरतो,
म्हणून रक्त आता डाव्या करंगळीचं.
चव ओजस घेतो.

काल पुन्हा वर्तुळ ओढलं.
पोट अजून पुढेच आहे, पण थोडं.
"रफ़्तार कम हुई है," बाई म्हणाल्या,
आणि एवढ्यावर मी रिक्षात रडले.

निघताना विचारलं होतं, मनगट केवढं असेल?
"वो नहीं नापते."

रात्री ओजसने स्वतःच्या अंगठ्याला दोरा गुंडाळला,
बिंदलीचं माप म्हणून.
मी म्हटलं, एवढंसं?
"बारीकच कर," तो म्हणाला,
"लागला तर एक दाणा वाढवू."