टपातला बर्फ

मुरोझुमीच्या गुडघ्यांसाठी बर्फ मी नेला,
हर्णैच्या कारखान्यातून, मासळीच्याच टपात.
सातवीच्या वर्गात बसला होता तो,
पाय बाकावर, पाठ फळ्याला,
अर्धा चेहरा रंगवलेला, अर्धा म्हातारा.

टप हुंगून म्हणाला, "साबा."
मी म्हटलं, "बांगडा."
बहुतेक दोघंही बरोबर होतो.

बाहेर मैदानात कर्णा बोंबलत होता:
जपानचा राक्षस! सात देशांत अजिंक्य!
आत राक्षस चोगल्यांच्या भालूला
त्याला कसं हरवायचं ते शिकवत होता.
सात देशांत हेच केलं म्हणे त्याने,
दुभाषा विडी ओढत सांगत होता,
जिथे जाईल तिथल्या पोराच्या हातून पडायचं,
शिव्या खायच्या, पाकीट घ्यायचं, पुढचं गाव.

भालूच्या मानेखाली हात धरून
पुन्हा पुन्हा सोडत होता त्याला चटईवर.
हनुवटी छातीला. श्वास बाहेर. तळवे आधी.
भालू घामाघूम. मी टप धरून उभा,
बर्फ पाघळत माझ्या पायांवर.

रात्री भालू जिंकला.
मीही शिट्टी मारली, सगळं ठाऊक असून.
नंतर त्याने बर्फाचे पैसे मोजून दिले,
वर दहा रुपये, टपाचे.
फळ्यावर कुणाचं तरी गणित अर्धवट,
त्याच्या पाठीने पुसलेलं.

परवा जेटीवर शेवाळावरून घसरलो,
खांद्यावर लादी.
हनुवटी आपसूक छातीला आली.
लादीचे तुकडे पार होडीपर्यंत गेले.
"लागला काय रं?" कोळणी हसत विचारतायत,
आणि मी उताणा, उठू शकत असूनही,
मोजतोय.
एक.
दोन.