फॉल-पिको करता करता

सगळं पाहिलं असं नाही म्हणवत.
मोबाइल दोऱ्यांच्या डब्याला टेकवलेला,
नजर सुईखाली,
त्यामुळे निम्म्याहून जास्त मी ऐकलेलंच.
तरी मत आहे. विचारलंत म्हणून सांगते.

ती आठ भागांची पोलिसांची मालिका,
तिच्यातला खुनी मला दुसऱ्याच भागात कळला.
जो माणूस उगाच सगळ्यांना चहा ओततो
आणि ज्याला कोणी नावाने हाक मारत नाही,
तोच असतो.
पुढच्या सहा भागांत अकरा साड्यांना फॉल लागले.
इन्स्पेक्टर बाई चांगली होती.
फक्त आठ भागांत तिला एकदाही भूक लागली नाही,
त्याचंच मला वाईट वाटत राहिलं.

राजेरजवाड्यांचा मोठा सिनेमा
ऋजुताने तिकीट काढून दाखवला, घाटकोपरच्या मॉलमध्ये.
पॉपकॉर्नच्या पैशांत अस्तराचा एक ब्लाउज शिवून देते मी.
असो.
राणी रणात निघाली, वळली,
आणि पाठीवर चेन!
चांगली नायलॉनची, आठ इंची.
थिएटरभर नाकं ओढली जात होती.
मी लेकीच्या कानात म्हटलं, चेन.
ती म्हणाली, आई, गप्प.
बसले गप्प. पण मग राणी पडली तरी
मला काही म्हणजे काही वाटेना.

साडेआठच्या मालिकेतली सासू
झोपतानासुद्धा पैठणीत.
पेडणेकर वहिनी म्हणतात, किती ते खोटं!
आणि दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन हजर:
अस्साच गळा हवा, मागे लटकन.
मी त्या सासूला नावं ठेवत नाही.
तिच्या पाठीवर माझं लाइटबिल निघतं.

भुताच्या सिनेमात बंगल्याचं दार करकरतं, करकरतच राहतं.
रुक्साना म्हणाली, ताई, मशीनचं तेल
दोन थेंब सोडले असते तर पिक्चर इंटरव्हलला संपला असता.
हसलो.
रात्री मात्र मी कपाट
दोनदा लावून बघितलं.

आता तो शेवटचा, गरिबीवरचा.
बक्षीस मिळालेला.
त्याचं शूटिंग आमच्याच इमारतीत, कन्नमवार नगरात.
आमच्या जिन्याच्या भिंतीला ओल होतीच,
पण त्यांना हवी तशी नव्हती.
दोन पोरं ब्रश घेऊन आली,
ओलीवर ओल रंगवली, वर थोडं शेवाळ.
छान काढली होती, खोटं कशाला बोलू.
आणि मारामारीच्या आधी हिरोच्या शर्टाचं बटण निघालं.
त्यांचा शिंपी वडे खायला गेलेला.
कोणीतरी माझं दुकान दाखवलं.

मी लावलं. मला काय माहीत.
दुहेरी दोरा, खाली कापडाचा तुकडा,
मानेला सहा वेढे, गाठ आतून.
शाळेच्या गणवेशाला लावते तसं.

मग चारदा कट.
बाही फाटली, कॉलर लोंबली, खिसा गेला,
हिरोच्या ओठाला खरंखुरं लागलं,
आणि दिग्दर्शक ओरडतोय, बटण उडायला पाहिजे! बटण!
अहो, मग आधी सांगायचं.
न टिकणारं बटण लावायला मला
कोणी शिकवलेलं नाही.

दीड वर्षाने तो सिनेमा मोबाइलवर आला.
एक तास बारा मिनिटांवर थांबवून ठेवते
आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवते.
चिंध्या झालेला माणूस जिन्यात पडलाय,
आणि वरून दुसरं बटण
जागच्या जागी.

सिनेमा कसा आहे म्हणाल, तर ठीक.
शेवट लांबलाय, आई उगाच मरते.
भिंत अजून तशीच आहे. त्यांच्या ओलीतून
आता आमची वर आलीये, हिरवी,
कुठली कोणाची ते
मलासुद्धा सांगता येत नाही.