पंधरा अँपिअर

चौथा फ्यूज उडाला तेव्हा
सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळली मी त्याला
आणि सीबहून रुवीपर्यंत आलो
मागचे दिवे लावून, राजासारखा.
मग डॅशमधून वास आला,
शेजारच्या घरात दूध करपल्यासारखा.
आपलं नाही, असंच वाटतं आधी.

परकारने चंदेरी चिमट्याने ओढून काढली,
माझ्या तळहातावर ठेवली.
काही बोलला नाही.
वादी कबीरच्या त्या गल्लीत रात्री साडेनऊलाही
पत्रा हात लावू देत नव्हता.

एकोणनव्वदची क्रेसिडा. माझ्याआधी चार मालक.
गालिचा उचलला तर एकेकाची वायर निघाली.
कुणी लग्नात निळे दिवे लावलेले,
कुणी पंखा, कुणी दोन भोंगे;
वस्तू काढून नेल्या, वायरी तोडून तिथंच,
टोकाला चिकटपट्टीसुद्धा नाही.
वाळू. खजुराच्या बिया. पंचवीस बैशांचं नाणं.
"ह्यातली एकही नाही," परकार म्हणाला,
जरा हिरमुसून. मीही.
दोष आधीच्या कुणाचा तरी निघेल
अशी आशा होती मला.

मग फ्यूजच्या जागी त्याने
दोन तारांचा एक साधा बल्ब जोडला
आणि माझ्या हातात दिला.
"पेटलाय तोवर शॉर्ट आहे.
मी मागं जातो. नजर हलवू नका."

जन्मात पहिल्यांदा
दिवा जायची वाट बघत बसलो.

"गेला?"
"नाही."
सीटखाली हात. "आता?"
"नाही."
खिशात फोन थरथरला. खेडहून.
तिकडे अकरा वाजलेले, म्हणजे तीच.
दर गुरुवारी आम्ही एकाच वाक्यापाशी येतो
आणि काहीतरी उडतं.
शनिवारी मी थोडे जास्तीचे पैसे पाठवतो.
पुढचा गुरुवार निभतो.
फोन थांबला. बल्ब तसाच, लख्ख.
"आता?"
"नाही, परकारभाई."

त्याने डिकी उघडली.
"थांबा! परत करा!"
झाकण खाली, लख्ख.
झाकण वर, मंद.
पूर्ण गेला नव्हता तो. मागच्या दिव्यांनी
आपापला वाटा घेतला होता,
असं त्याने नंतर समजावलं.
मी वळून पाहिलं तेव्हा शटरवर
फिकट लाल उजेड पडलेला.

बिजागरीपाशी हिरवी वायर.
पस्तीस वर्षं प्रत्येक उघडझापीला वाकलेली,
साल गेलेली इवल्याशा जागेत,
तांदळाएवढं तांबं.
"डिकी आपटून लावता?"
लावतो. आपटून.

कापली, सोलली, पिळली, डाग दिला,
नळी चढवून काडीने शेकली.
"जरा सैल ठेवलीय," तो म्हणाला,
"वाकायला जागा पाहिजे तिला."
दीड रियाल घेतला.
वर एक निळा फ्यूज दिला, पंधराचा.
"उडाला तर उडू दे. त्याचं कामच ते.
थांबायचं, आणि बघायचं."

दुकानाचं शटर पडलं.
मी तिथंच, दिवे चालू ठेवून,
खेडला फोन लावला. बारा वाजून गेले होते.
"डिकीची वायर होती," म्हणालो.
"कसली?" झोपेतून, घाबरून.
चंदेरी अजून मुठीत होती, घामाने भिजलेली.
मी तिथपासून सांगायला लागलो.