उतरतं पाणी

उखा वाडिलेची होडी डांबराच्या पिंपाची.
पिंप उभं चिरून, पत्रा ठोकून सपाट केलेला,
सांध्यात पुन्हा डांबरच.
दोघांनी बसायचं तर गुडघ्याला गुडघा,
आणि शिंक आली तरी आधी सांगायचं.
वल्हं म्हणजे तुटक्या तिफणीचा दांडा,
टोकाला गोडेतेलाच्या डब्याचं झाकण.

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीला जिथं नाला मिळतो,
तिथून आत शिरलो.
आता तो नाला नाही. धरणानं फुगवलेलं पाणी
उलटं चढत गेलंय पपईच्या बागांपर्यंत,
आणि मधे बाभळी उभ्या,
कमरेपर्यंत बुडालेल्या,
काही मेलेल्या, काही अजून ठरवत असलेल्या.

वाट एवढी अरुंद, की वल्हं आडवं धरता येत नाही.
उखा हातानं फांदी धरतो, होडी ओढतो, सोडतो.
काटे माझ्या बाहीशी बोलतात.
फांद्यांवर मागच्या पुराच्या चिंध्या,
खताची गोणी, एक चप्पल, डाव्या पायाची.
पाणकावळा पंख पसरून वाळत बसलाय.
आम्ही आलो, त्यानं मानही वळवली नाही.

मी त्याला कोकणातली खाडी सांगतो.
दोन वर्षं होतो तिथं, कोळंबीच्या तळ्यावर.
तिथं झाडं चिखलातून मुळं वर काढतात,
बोटांसारखी, श्वास घ्यायला.
दिवसातून दोनदा पाणी येतं, दोनदा जातं,
कुणी सांगावं लागत नाही.
उखा ऐकतो. मग विचारतो,
"समुद्रनं पानी खारं ऱ्हास ना?
मंग त्याले काय पिकस?"

मला उत्तर येत नाही.

इथली भरती चंद्राची नाही.
वरच्या बंधाऱ्यावरून कुणी फोन करतो,
खालच्या बंधाऱ्यावर कुणी चहा ठेवून उठतो,
बटण दाबतो,
आणि आठ कोस लांब बाभळीच्या बुंध्यावर
ओली रेघ एक वीत वर जाते.

पुढं पाणी मोकळं झालं.
मोकळं, तरी उखा सरळ जाईना.
डावीकडे वळला, दहा हात गेला, उजवीकडे वळला.
मी म्हटलं, समोर तर काहीच नाही.
"बांध शे," तो म्हणाला.
मी वाकून पाहिलं. गढूळ हिरवं, त्यात माझंच तोंड.
"आठे डांगरनी वाडी व्हती. मन्हा बापनी."
वाळूत खड्डे करून, शेणखताची एकेक मूठ टाकून
लावलेली वाडी.
रात्री कोल्हे यायचे, म्हणून डबा वाजवत जागायचं.
ते सगळं खाली, चार हातांवर,
आणि वर तिचा मुलगा
बांधावर पाय पडू नये
म्हणून होडी वळवतो.

तेवढ्यात त्यानं वल्हं थांबवलं.
बुंध्याकडे पाहिलं.
रेघेखाली अजून एक रेघ दिसत होती, जास्त ओली.
"पानी उतरी ऱ्हायनं."

आम्ही वळलो, पण वळायला जागा लागते.
पहिल्या बाभळीपाशी पत्रा घासला,
दुसऱ्यापाशी रुतला.
पाणी निघून जाताना आवाज करत नाही,
फक्त चिखल आपला आवाज सुरू करतो,
बारीक, बुडबुड्यांचा,
जणू कुणी भात शिजत ठेवून गेलंय.

खाडीत असताना मी घड्याळ पाहायचो,
सहा तासांनी सुटका.
इथं उखानं मोबाइल काढला, रेंज नव्हती,
परत खिशात ठेवला.
बिडी शिलगावली. मला म्हणाला, "हालू नको."
आणि स्वतः उतरला.

गुडघाभर चिखल. दोन पावलं.
तिसऱ्याला थांबला,
अंगठ्यानं खाली काहीतरी चाचपलं,
तिथंच हलकं पाऊल दाबून पाहिलं,
दगड होता, बांधाचा, हलला नाही.

मग तो त्यावर उभा राहिला,
चिखलातून दोन वीत उंच,
आणि बिडी संपेपर्यंत उतरला नाही.